ससाणे मळ्यातील दवाखाना : सावित्रीबाई फुले यांच्या जीवनाची एक बाजू

दरवर्षी तीन जानेवारीला आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहात सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. भाषणे होतात. मुलींची पहिली शाळा, अंगावर फेकलेले शेण आणि शाळेत जाऊन बदलण्यासाठी बरोबर नेलेले दुसरे लुगडे, या तीन गोष्टी सांगून झाल्या की वक्ता खाली बसतो. मीही एका वर्षी असेच भाषण केले होते. बक्षीसही मिळाले होते. त्या भाषणात सावित्रीबाईंच्या मृत्यूविषयी अवघे एक वाक्य होते. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांचे निधन झाले, एवढेच. हे वाक्य किती घाईचे होते ते मला पुढे उमगले, आणि ते ग्रंथालयात नव्हे, तर वैनगंगेच्या काठी.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तरी बोली तीच, बांध्या त्याच आणि पावसाळ्याची धास्तीही तीच. पाऊस रुसला तर परहे जागीच वाळतात. कोपला तर वैनगंगा आणि बाघ काठची गावे धुऊन काढतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायांवर वीज कोसळल्याची बातमी बहुतेक पावसाळ्यांत वाचावी लागते. २०२० सालच्या ऑगस्टअखेरीस तर मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत सोडले गेले आणि डोळ्यांदेखत उभा धान पाण्याखाली गेला. ते वर्ष करोनाचे. एका बाजूने सांगत होते की एकमेकांपासून दूर राहा, आणि दुसऱ्या बाजूने पुराचे पाणी सगळ्यांना एकाच शाळेच्या खोल्यांत लोटत होते.

पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरासाठी आम्ही नदीकाठच्या अशाच एका गावी गेलो. काम होते गावाची संकटकाळची वही तयार करण्याचे. ट्रॅक्टर कोणाकडे, डोंगे किती व ते चालविणारे ढिवर बांधव कोण, पट्टीचे पोहणारे कोण, अंथरुणाला खिळलेले म्हातारे कोणत्या घरी, दिवस भरत आलेल्या बाया किती, पुरात न बुडणारा हातपंप कोणता, असे सगळे लिहायचे. शाळेची किल्ली कोणाकडे असते हाही एक प्रश्न होता. आम्हांला तो हास्यास्पद वाटला. पण गावकरी हसले नाहीत. पुराच्या रात्री किल्ली बाळगणारा माणूस परगावी होता व कुलूप फोडावे लागले होते, असे त्यांनी सांगितले. चार दिवसांत वही भरली. पाचव्या दिवशी एक म्हातारी माय काठी टेकत आली व वहीत आमचा टोला कुठे आहे म्हणून विचारू लागली. आम्ही पाने उलटली. नाल्यापलीकडचा पंधरा-वीस घरांचा तो टोला वहीत नव्हता. कोणी मुद्दाम गाळला असे नाही. रस्ता जिथे संपला तिथे आम्हीही थांबलो होतो, इतकेच. आणि पुराची दवंडीही तिथेच थांबली होती, असे त्या मायने सांगितले.

परत आल्यावर काही दिवसांनी पुन्हा तीन जानेवारी आली. सावित्रीबाईंचे चरित्र मी पुन्हा हाती घेतले. पण या खेपेस शेवटापासून सुरुवातीकडे वाचले. १८९७ च्या साथीत या सहासष्ट वर्षांच्या विधवा बाईजवळ काय काय होते आणि ते कोठून आले, एवढाच माझा प्रश्न होता. वाचकांपुढे मात्र ते चरित्र सरळ क्रमाने ठेवते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये, नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. जोतीरावांनी पत्नीला घरी शिकविले. पुढे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि मगच त्या वर्गात उभ्या राहिल्या. आपण ही गोष्ट भराभर ओलांडून जातो. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा शिक्षिका नाही म्हणून ती बंद पडावी अशी अनेकांची इच्छा असणार. पण शिक्षिका आधीच तयार होती! काम सुरू करण्यापूर्वी ते काम करणारे माणूस घडवायचे, ही या दांपत्याची रीत पहिल्या दिवसापासून दिसते.

१८४९ मध्ये सासऱ्यांचे घर सोडावे लागले. त्या अडचणीत गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, आणि त्याच घरातील फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. संकटात आपल्याला घरात कोण घेते, हा अनुभव वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी स्वतः घेतला होता. १८५२ पर्यंत मुलींच्या तीन शाळा झाल्या; महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. शाळांचा हा इतिहास आपणां सर्वांना पाठ आहे, म्हणून तो इथे थांबवते.

शाळांच्या नंतर जे घडले त्याकडे आपले लक्ष कमी जाते. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी ब्राह्मण घरांतील बालविधवांना पुनर्विवाहाची मुभा नव्हती. पाऊल घसरले, किंवा कोणी बळजबरी केली, तर त्या बाईपुढे विहीर, विष किंवा तुरुंग एवढेच मार्ग उरत. अशा स्त्रियांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, नाव सांगण्याची सक्ती नाही, मूल न्यायचे तर न्यावे, ठेवायचे तर ठेवावे, अशा आशयाच्या जाहिराती जोतीरावांनी लावल्या. जाहिरात लावणे सोपे आहे. अपरात्री दार वाजल्यावर उठणे कठीण. ते उठण्याचे काम सावित्रीबाईंचे होते. पाणी तापविणे, सुईण बोलावणे, रडणारीला धीर देणे, जन्मलेल्या लेकराला दूध मिळवून देणे, हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे केले. १८८४ पर्यंत अशा ३५ स्त्रिया तिथे बाळंत झाल्या होत्या. आकडा आजच्या रुग्णालयांच्या मानाने लहान वाटेल. पण यांतील प्रत्येक बाळंतपण म्हणजे ऐनवेळचे संकट होते, कोणतीही आगाऊ सूचना नसलेले. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

१८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपण याकडे समतेचे प्रतीक म्हणून पाहतो, आणि ते खरेच आहे. परंतु उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीकडे पाहत ताटकळणाऱ्या बाईला ते प्रतीक नव्हते, पाणी होते. ज्या वस्तीला रोजच पाणी मिळत नाही तिच्यावर दुष्काळ सर्वांत आधी येतो आणि सर्वांत उशिरा जातो. हौद खुला झाला तो पाऊस बरा असताना. आठच वर्षांनी पाऊस गेला.

१८७६ चा पावसाळा दख्खनात कोरडा गेला. मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे, म्हैसूर, मद्रास असा तो अफाट दुष्काळ होता. सरकारने दुष्काळी कामे काढली. पण खर्च वाचविण्याच्या हेतूने १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतील धान्य दिवसाला एका पौंडावर, म्हणजे साधारण अर्ध्या किलोवर आणले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा किलो धान्य! आपल्याकडे धानाच्या रोवणीला येणाऱ्या बाईला दुपारी किती भात लागतो हे ज्याने पाहिले आहे त्याला या आकड्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली होती. दुष्काळ आला तेव्हा ही संघटना तीन वर्षांची होती आणि गावोगाव तिची माणसे होती. सावित्रीबाई घरी बसल्या नाहीत. १८७७ च्या एप्रिलमध्ये त्या जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे होत्या व तेथून त्यांनी जोतीरावांना पाठविलेले पत्र सुदैवाने उपलब्ध आहे. त्यातील शब्द मी येथे देत नाही. पण ते पत्र म्हणजे दुष्काळी भागाचा पाहणी-अहवालच आहे. जनावरांची दशा, गाव सोडून निघालेली माणसे, सावकारांची वर्तणूक आणि त्यातून उठलेला असंतोष, हे सारे त्यांनी क्रमाने कळविले आहे. तेथे काम करणाऱ्या सत्यशोधकांना बंडखोर ठरवून पकडण्यात आले, तेव्हा सावित्रीबाई स्वतः कलेक्टरला भेटल्या, खरी परिस्थिती सांगितली आणि आपली माणसे सोडवून आणली. एकोणिसाव्या शतकात एका माळ्याच्या घरची बाई इंग्रज कलेक्टरसमोर उभी राहून दुष्काळाविषयी बोलते, हे चित्र शेणाच्या गोळ्यांइतके आपल्या मनावर का ठसले नाही, हा मला पडलेला प्रश्न आहे. कदाचित आपल्याला सहन करणारी बाई जास्त आवडत असेल.

त्याच मे महिन्यात पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू झाला. जोतीरावांनी वर्तमानपत्रातून मदतीची हाक दिली. जेवायला बसणारी मुले पोटभर जेवली पाहिजेत, तीही रोज. आणि रोज म्हणजे धान्य दळणे, भाकऱ्या थापणे, भांडी घासणे, आजारी मुलांना बाजूला काढणे हे रोजच. शाळा चालविणाऱ्यांना मुलांची हजेरी घ्यायची सवय होती. अन्नछत्रालाही हजेरी लागते. काल आलेले मूल आज का आले नाही हे विचारणारे कोणीतरी असावे लागते.

दुष्काळ ओसरल्यावर सरकारने आयोग नेमला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि पुढे त्यावरून दुष्काळाच्या वेळी काय करावे याचे लिखित नियम बनले. संकट येण्याआधी नियम तयार असावेत हे सरकारला लाखो मेल्यावर कळले. जोतीरावांनीही १८८३ च्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात आपल्या बाजूने उपाय मांडले: डोंगरउतारावर ताली-बंधारे घालावेत, पावसाचे पाणी व त्याबरोबर वाहून जाणारी माती शेतातच मुरवावी, तळी बांधावीत. आपल्या भागातील वाचकाला यात नवल वाटणार नाही. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे सांगितले जाते, आणि आपल्या जिल्ह्यातील मामा तलाव म्हणजे पाऊस चुकण्याची तरतूदच होती. असो. त्यांतील कितीतरी आज गाळाने भरले आहेत, तो विषय वेगळा.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा ते सावित्रीबाईंनी स्वतः हाती घेतले व अग्नीही दिला. त्यानंतर सत्यशोधक समाजाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. यशवंत डॉक्टर होऊन लष्करात नोकरीस लागला होता. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याचे लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी, राधेशी, सत्यशोधक पद्धतीने झाले होते. विधवेच्या पोटच्या मुलाला मुलगी देणारे घर त्या काळी शोधून सापडणे कठीण. ससाण्यांनी ती दिली. दुर्दैवाने १८९५ च्या मार्चमध्ये राधा वारली. मात्र त्या घराशी जुळलेला संबंध वाया गेला नाही, हे दोनच वर्षांनी दिसणार होते.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांची वस्ती. धान्य तिथे उंदीर. हां हां म्हणता लोक लाखांनी मुंबई सोडून पळू लागले आणि रेल्वेने रोगही पुण्यात आला. काखेत किंवा जांघेत गाठ, फणफणून ताप, बरळणे आणि बहुतेकांना काही दिवसांत मृत्यू, असे या रोगाचे रूप होते. त्याचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसात शिरतो कसा, हे १८९७ मध्ये ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखविला. हाफकिन यांनी मुंबईत आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती, पण ती अजून लोकांपर्यंत पोचायची होती. ४ फेब्रुवारीला साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड यांची नेमणूक झाली. १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांनी घराघरांत शिरून झडत्या सुरू केल्या. २२ जूनला रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. हा भाग शालेय इतिहासात आपण सविस्तर वाचतो.

आपण वाचत नाही ते १३ मार्चच्या आधीचे. सरकारी झडत्या सुरू होण्यापूर्वीच सावित्रीबाईंनी यशवंताला बोलावून घेतले होते आणि पुण्याबाहेर, हडपसरजवळ, ससाण्यांच्या मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता.

या दवाखान्याकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. जागा शहराबाहेरची, मोकळी. पिसवांचे ज्ञान नसतानाही ही निवड अचूक होती: अंधाऱ्या, कोंदट, धान्याच्या कणग्या असलेल्या घरांतून रुग्ण बाहेर आला की उंदरांपासूनही तो दूर होत होता आणि त्याच्या घरच्या व शेजारच्या माणसांचाही धोका कमी होत होता. डॉक्टर घरचा, त्यामुळे परकी माणसे आपल्याला नेऊन मारून टाकतील ही जी भीती पुण्याच्या गल्लीगल्लीत होती, ती इथे नव्हती. आणि रुग्ण आणणारी बाई सर्वांच्या ओळखीची. लोक तेव्हा रुग्ण लपवीत. गाठ दिसली तरी सांगत नसत. परक्याला जे दार बंद होते ते सावित्रीबाईंना उघडत असे, कारण त्या दारी त्या चाळीस-पन्नास वर्षे जात आल्या होत्या. कधी मुलीला शाळेत पाठवा म्हणून, कधी आणखी कशासाठी.

म्हणजे १८९७ मध्ये त्यांच्याजवळ काय होते? मळा होता, तो १८८९ च्या लग्नसंबंधातून. डॉक्टर होता, तो १८६३ च्या प्रसूतिगृहातून. माणसे होती, ती १८७३ च्या संघटनेतून आणि १८७७ च्या अन्नछत्रातून. विश्वास होता, तो १८४८ पासूनचा. साथ आल्यावर त्यांना यांतले काहीही नव्याने मिळविता आले नसते. साथीने तेवढा वेळच दिला नसता. त्यांच्या शेवटच्या दिवसांना आपण आत्मबलिदान म्हणून नमस्कार करतो, त्यात चूक नाही. पण त्यामुळे एक गैरसमज होतो. जणू एक थोर बाई भावनेच्या भरात आगीत उडी घेऊन गेली! वस्तुतः पुण्यात त्या वेळी या आगीला तोंड देण्यासाठी सर्वांत जास्त तयारी असलेल्या माणसांपैकी त्या एक होत्या.

या कामाची किंमत त्यांना आधीच ठाऊक झाली होती. त्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ते मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी काम करीत असतानाच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने गेले. मळ्यातील काम मात्र थांबले नाही.

मार्चच्या सुरुवातीला मुंढवा गावाबाहेरच्या महार वस्तीत एका मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. मुलाचे नाव पांडुरंग बाबाजी गायकवाड. वय दहा-अकरा वर्षे. वस्ती गावाबाहेर, साथ असो नसो, तिकडे सहसा कोणी फिरकत नसे, आणि साथीत तर नाहीच. सावित्रीबाई तिथे गेल्या. तो मुलगा आणण्यासाठी गाडी नव्हती की डोली नव्हती, याचा विचार करत त्या थांबल्या नाहीत. त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि मुंढव्याहून हडपसरच्या मळ्यापर्यंत चालत आणले.

हा प्रसंग मी पूर्वीही वाचला होता. तेव्हा मला त्यातील पाठ दिसली होती, ओझे दिसले होते. शिबिराहून आल्यावर मला त्यातली वस्ती दिसली. गावाबाहेरची एक वस्ती, तिथले एक आजारी मूल, आणि त्याची खबर योग्य ठिकाणी पोचते! ती पोचली कशी? कोणीतरी येऊन सांगितले. आणि कोणाला सांगायचे हे त्या वस्तीला ठाऊक होते. आमच्या वहीत तो टोला नव्हता. सावित्रीबाईंच्या मनातल्या वहीत मुंढव्याबाहेरची वस्ती होती. ज्या घरचा हौद एकोणतीस वर्षांपूर्वी खुला झाला होता त्या घरी निरोप द्यायला कोणी बिचकत नव्हते.

काही दिवसांतच सावित्रीबाईंना ताप भरला. मुलाला वाहून आणताना किंवा त्याच्या शुश्रूषेत त्यांना लागण झाली होती. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचे निधन झाले. ज्या झडत्यांविषयी इतकी पाने लिहिली गेली त्या सुरू व्हायला अजून तीन दिवस अवकाश होता.

यशवंताने पुढेही वैद्यकी केली. आईच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, प्लेगच्याच साथीत रुग्णांवर उपचार करताना तोही गेला. एका घरातील दोघे एकाच रोगाशी झुंजताना गेले. पण आपल्या भाषणांत यशवंताचे नाव फारसे येत नाही. रस्त्यावर टाकून दिले जाण्याच्या भीतीतून जन्मलेले मूल डॉक्टर होते आणि साथीत उपचार करताना मरते, ही गोष्ट एखाद्या तीन जानेवारीला कोणीतरी सांगावी.

आमची ती वही मी फेब्रुवारीत परत मागवून घेतली. आम्ही चौघीजणी एका रविवारी पुन्हा त्या गावी गेलो आणि नाला ओलांडून टोल्यावर गेलो. सतरा घरे निघाली. दोन डोंगे निघाले. ते तर मूळ गावातल्या एकापेक्षा बरे होते आणि आमच्या यादीत नव्हते. म्हातारीने आम्हांला चहा पाजला आणि पुराचे पाणी कुठपर्यंत आले होते ते भिंतीवर बोटाने दाखविले. ते आम्ही खडूने आखले व वहीत लिहिले. शाळेच्या किल्लीची दुसरी प्रत आता टोल्यावर एका घरी ठेवावी असे ठरले आहे. शाळेने अजून ती दिलेली नाही.

ससाण्यांचा तो मळा आज पुणे शहराच्या पोटात गेला आहे. २०१४ मध्ये पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. मुंढव्याहून पाठीवर आणलेला पांडुरंग गायकवाड त्या साथीतून वाचला.